वाऱ्याला जुनं लेबल

३ मार्च, सोमवार
आज सरांनी सगळ्यांसमोर माझी शोभा केली. बंदराच्या ऑफिसातून तक्रार आली — आमच्या हवामान केंद्राकडून जाणाऱ्या वाऱ्याच्या ग्रिडमध्ये नुसते आकडे येतात, एकक नाही, वेळ नाही, मेटाडेटा, म्हणजे आकड्यासोबतची माहिती, पूर्ण कोरा. समुद्राच्या प्रत्येक चौकटीत एक आकडा, पण कशाचा ते लिहिलेलंच नाही. सर माझ्याकडे बोट करून म्हणाले, "लेबलं लावायला बालवाडीतली पोरगीसुद्धा पुरते. हिला एवढंही जमू नये?" सगळे हसले. शेजारच्या टेबलावरची नकाशेवालीसुद्धा. नंतर येऊन म्हणाली, "अगं, सवयीने हसले गं."
मला कायम करण्याची फाइल सरांनी परत पाठवली. शेरा — "अजून शिकू दे."
शिकते ना. बघाच.

४ मार्च, मंगळवार
एकेक पायरी उघडून तपासली. बाहेरून येणाऱ्या फाइलमध्ये मेटाडेटा व्यवस्थित आहे. आम्ही गुणाकार केला की कोरा! ही बिघाडाची गोष्टच नाही. हिशेब झाला की प्रोग्रॅम जुनं लेबल मुद्दाम टाकून देतो, कारण आकडा बदलला तर जुनं लेबल खोटं ठरू शकतं. नवं आपण लिहायचं असतं. अशा अकरा जागा. अकराही सरांनी चार वर्षांपूर्वी लिहिलेल्या. माझी एकही नाही!

५ मार्च, बुधवार
सरांना दाखवायला गेले. मान वर केली नाही. "अगं, जुना मेटाडेटा जसाच्या तसा पुढे नेणारी एक सेटिंग आहे. केली चालू. दोन मिनिटं! तू आठवडा घालवला असतास."
जागेवर येऊन ग्रिड उघडलं. वारा येतो नॉटमध्ये, आम्ही तो मीटर प्रति सेकंदात बदलतो. आकडा बदलला. लेबल जुनंच. म्हणजे चोवीस नॉटचा वारा आता साधारण बारा दिसतो — आणि पुढे लिहिलंय 'नॉट'. निम्मा!
उठले. दारापर्यंत गेले. परत येऊन बसले.

६ मार्च, गुरुवार
अकरा तारखेला बंदराच्या लोकांसमोर सर हे दाखवणार. कुणीतरी विचारेलच. सर अडखळतील. मग मी उठेन, दोन कागद पुढे ठेवेन — आधीचा आकडा, नंतरचा आकडा. आवाज चढवायचा नाही. कागद छापून ठेवलेत.

८ मार्च, शनिवार
अकराही दुरुस्त्या करून ठेवल्या. माझ्याच मशीनवर. कुणाला दाखवलेल्या नाहीत.

९ मार्च, रविवार
आई म्हणाली, "कुणावर एवढे दात खातेस गं? झोपेतही जबडा आवळलेला असतो तुझा."
"कुणावर नाही."
"मग त्या 'कुणी नाही'ला लवकर सोडून दे," म्हणाली, आणि कपडे वाळत घालायला गेली.

११ मार्च, मंगळवार
कुणीही विचारलं नाही! बंदराचे अधिकारी लेबल बघूनच खूश — "वा, हेच हवं होतं." टाळ्या. सर माझ्याकडे वळून, "असं करायचं असतं काम." कागद माझ्या मांडीवरच राहिले.
उद्यापासून हेच ग्रिड बंदराच्या फलकावर. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण फलक चालू झाल्यावर सर तोंडावर पडले तर आवाज मोठा होईल, असं वाटलं. असं वाटलं, हे लिहून ठेवते.

१४ मार्च, शुक्रवार
वारा पडलेला. दहाच्या जागी पाच दिसले तर कुणाला काय कळणार? मला मोठा वारा हवाय.

१७ मार्च, सोमवार
आला.
सकाळी ग्रिडमध्ये चौदा. म्हणजे खरे सत्तावीस. वीसच्या वर छोट्या बोटी सोडत नाहीत. फलकावर 'चौदा नॉट'.
सरांकडे गेलेच नाही, थेट बंदराला फोन लावला. "आकडा दुप्पट धरा. बोटी थांबवा."
"कोण बोलतंय?"
नाव सांगितलं.
"ताई, सहा गेल्यात हो बाहेर."
वायरलेसवरून परत बोलावल्या. दुपारपर्यंत पाच आल्या. सहावीच्या इंजिनात पाणी शिरलेलं, ती पावणेचारला ओढत आणली. तिच्यावरचे चौघंही जिवंत. एकाचं मनगट मोडलंय.
त्या पावणेचारपर्यंत सर माझ्या टेबलाशी उभे होते. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. त्यांच्याकडे बघायचं मला सुचलं नाही.
मग माझ्या अकरा दुरुस्त्या चालू केल्या. चार मिनिटं लागली.

१८ मार्च, मंगळवार
चौकशी. सर पहिल्याच वाक्यात म्हणाले, "सेटिंग मी चालू केली. हिने काल पकडलं म्हणून माणसं वाचली. हिला आजच कायम करा."
लिहून घेणाऱ्या बाईंनी माझ्याकडे बघितलं. "म्हणजे तुम्हाला चूक काल कळली, असं लिहू?"
मी म्हटलं, "नाही. पाच तारखेला."