भाजीत काही नव्हतं, आत्याबाई

प्रिय आत्याबाई,

तुम्हाला जाऊन दोन वर्षं होतील, आणि इतक्या दिवसांत मी तुमच्याशी मनातसुद्धा बोलले नाही. अबोला धरण्यात मी किती पटाईत, हे सासू म्हणून तुमच्याइतकं कोणाला ठाऊक! पण परवा सकाळी चहा घेता घेता तात्या, तुमचे धनी, माझ्यावर खेकसले, "तू मन्ही पेटी उघाडस. माले समदं माहीत शे." त्यांच्या पेटीत दोन बंड्या आणि जुनी पंचांगं, मी काय नेणार? पण ऐकताच मला तुम्ही आठवलात. म्हणून लिहायला बसले आहे.

तुमचंही असंच सुरू झालं होतं ना? मंगळवारपर्यंत तुम्ही ओट्यावर बसून सगळ्या कोरीट गावाची खबर घेत होता. गुरुवारी ताट पुढे ठेवलं तर तुम्ही भाजी हुंगलीत. "मन्ही भाजीमा काय टाकं व तू?" शेजारच्या कमलबाई समोर बसलेल्या. वीस वर्षं माझ्या हातचं खाल्लेलं, बाळंतपणात मला घास भरवलेलं माणूस असं बोललं! मला वाटलं, इतकी वर्षं पोटात ठेवलेलं आज ओठावर आलं.

संध्याकाळी तर चुलीमागे दोन माणसं उभी आहेत आणि ती मीच आणून ठेवलीत, असं म्हणालात. कमलबाई हळूच म्हणाल्या, "हाई बाहेरनं शे. उतारा कर." तुमच्या चिरंजीवांनी लिंबू-नारळ उतरवून चौफुलीवर नेऊन ठेवलं. तात्या म्हणाले, साठी बुद्धी नाठी. आणि मी म्हटलं, ही जुनी खोड. डॉक्टरकडे न्यावं, हे घरातल्या आम्हा तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

"तुन्हा हातनं पानीबी पेवाव नही," म्हणालात, आणि मी ते धरूनच बसले. "नका पिऊ. ज्याच्या हातचं गोड लागतं त्याच्या हातचं प्या." तीन दिवस मी तुमच्या खाटेजवळ तांब्या ठेवला नाही. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

तसं पाणी तुम्ही कधी नीट पीतच नव्हता. तीस वर्षं नंदुरबारला मिरची वाळत घालतात त्या पथारीवर बसून देठ खुडलेत. उघडं मैदान, कुठे आडोसा नाही, चहूकडे हमाल आणि गाडीवाले. पाणी प्यायलं की उठावं लागणार, म्हणून सकाळी घरून दोन घोट घेऊन निघायचं आणि परत आल्यावरच पुन्हा प्यायचं. माझ्या पहिल्या हंगामात मलाही तेच शिकवलंत, "तहान दाबाले शिक, पोरी." पुढे काम सुटलं, पण ही सवय काही सुटली नाही.

त्या आठवड्यात तुम्ही सारख्या न्हाणीकडे जात होता, जळजळीने ओठ दाबत परत येत होता. मला दिसत होतं. आणि मी काय म्हणाले? "किती फेऱ्या मारता!"

चौथ्या दिवशी अंग तापलं, हाकेला ओ देईनासे झालात, तेव्हा हे तुम्हाला नंदुरबारला दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी आधी एवढंच विचारलं, "हे हळूहळू झालं की एकाएकी?" दोन दिवसांत, म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मग हे म्हातारपण नाही, आजार आहे." लघवीतले जंतू रक्तात गेले होते. अंगातलं पाणी आटलं होतं, रक्तातलं मीठ उतरलं होतं. म्हाताऱ्या माणसाला यातलं एक जरी झालं तरी डोकं फिरतं म्हणे, घरच्यांचा संशय येतो, नाही ते दिसतं. भाजीत काही नव्हतं, आत्याबाई. तुमच्याही मनात काही नव्हतं.

हे सगळं मला ह्यांच्याकडून कळलं, कारण मी दवाखान्यात आलेच नव्हते. सगळ्या वॉर्डासमोर पुन्हा भाजीचं काढाल, ही भीती होती. खरं सांगू? भीतीपेक्षा ताठा जास्त होता. दुसऱ्या दिवशी सलाईन चढल्यावर दुपारी तुम्ही भानावर आलात. ह्यांना ओळखलंत, तात्यांना जेवलात का विचारलंत. मग म्हणालात, "मंगल कोठे शे? काबर उनी नही?"

ह्यांनी लगेच फोन केला. मी म्हटलं, "उद्या सकाळी येते, आज धुणं पडलंय." पहाटे तुम्ही गेलात.

काय बोलायचं होतं तुम्हाला? समजूत घालायची होती, की पुन्हा भाजीचंच विचारायचं होतं? मला कधीच कळणार नाही. राग तुमचाही येतो. एक दिवस थांबला असतात तर काय बिघडलं असतं?

परवा मात्र मी तात्यांशी वाद घातला नाही. सरळ दवाखान्यासाठी रिक्षा बोलावली. सबंध रस्ताभर ते रिक्षावाल्याला सांगत होते, "हाई बाई माले इकाले लई जाई ऱ्हायनी." ही खरंच म्हाताऱ्याला विकायला निघाली की काय, असं तो माझ्याकडे आरशातून बघत होता. बघू दे, म्हटलं, आणि त्यांचा हात धरून बसले. रक्त-लघवी तपासली, ती ठीक निघाली. सर्दीसाठी दुकानातून आणलेल्या गोळ्या चार दिवस घेत होते, त्यांनीच झालं असावं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि त्या बंद केल्या. आज निवळले आहेत. सकाळी मला विचारत होते, "मी तुले काही बोलनू का?" मी नाही म्हटलं.

आता तुम्हाला वचन देते. या घरात कोणाचं डोकं असं एकाएकी फिरलं, तर तो मला चोर म्हणो की वैरीण, आधी मी त्याला डॉक्टरकडे नेईन आणि त्याच्या खाटेपासून हलणार नाही. पथारीवर आम्ही बायकांनी जुन्या साड्यांचा आडोसा बांधला आहे. नव्या सुनांना पाणी प्यायला लावते, नाही प्यायल्या तर रागावते.

आणि वचन देतेच आहे, तर खोटंही शिल्लक ठेवत नाही. त्या दुपारी धुणं पडलेलं नव्हतं, आत्याबाई. मी ओट्यावर रिकामी बसले होते.

तुमचीच,
मंगल