ऐकण्याची ड्यूटी

३ जून, सकाळ
आजपासून ॲपवर ड्यूटी. मन खचलेल्या शाळकरी मुलामुलींशी चॅट करायचं, म्हणजे खरं तर ऐकायचं. घरातली पहिली ग्रॅज्युएट, आता घरातली पहिली समुपदेशक. सुपरवायझर मॅडम म्हणतात, समुपदेशक नाही, फक्त 'सोबती' म्हणा. शब्दात काय आहे.
बाबा म्हणाले, गप्पा मारायला कॉलेज कशाला लागतं? दिवसभर इस्त्री फिरवणाऱ्या माणसाला मनाचं काय सांगणार.

७ जून
ट्रेनिंगमधलं तंत्र घरीही वापरायचं ठरवलं. सल्ला द्यायचा नाही, समोरच्याचं म्हणणं त्यालाच परत ऐकवायचं.
आई म्हणाली, पाठ भरून आलीय, भांडी घासून टाक. मी म्हटलं, म्हणजे तुला थकल्यासारखं वाटतंय. आई म्हणाली, वाटत नाहीये, थकलेय.
भांडी तिनेच घासली. पण मोकळी झाली असणार.

१९ जून
धाकटी दहावीत आहे. आज परत शाळेत गेली नाही, पोट दुखतं म्हणे. शेजारी बसून म्हटलं, तुला शाळा नकोशी वाटते. हो म्हणाली. नकोसं वाटणं कठीण असतं, म्हटलं. हो म्हणाली. मग मी शांत राहिले. शांततेला घाबरायचं नसतं. तीही शांत राहिली. उत्तम सेशन झालं. शेवटी फीडबॅक विचारला, तर भिंतीकडे तोंड करून झोपली.

२२ जून, संध्याकाळ
ॲपवर एका मुलीने लिहिलं, ताई, तुमच्यामुळे आज बरं वाटलं. डोळे भरून आले.
तेवढ्यात धाकटी दारात येऊन उभी. जरा बोलायचं होतं म्हणाली. मी हातानेच थांब म्हटलं. ड्यूटी म्हणजे ड्यूटी. नंतर पाहिलं तर डोक्यावरून पांघरूण. रविवार तिच्यासाठी राखून ठेवलाय.

२८ जून
रविवारी वेबिनार निघाला.
धाकटी ताटावरून अर्धवट उठते, केस विंचरत नाही, सारखी मोबाईलमध्ये. आई म्हणाली, तू एवढी शिकलेली, बघ ना तिच्याकडे. मी वयाचे टप्पे, हार्मोन्स, सगळं समजावलं. दोन-चार इंग्रजी शब्द आले तशी आई गप्प झाली. शिक्षणाचा उपयोग होतो तो असा.
मुलं आणि मोबाईल यावर लेख लिहायला घ्यावा.

४ जुलै, दुपार
मॅडमचा फोन, तोही आईच्या नंबरवर! टीम लीडर निवडायचे आहेत, घरच्यांची परवानगी विचारत असतील. आईला खुणा केल्या, मला दे म्हणून. आई ऐकता ऐकता खाली बसली.

४ जुलै, नंतर
फोन माझ्यासाठी नव्हता. धाकटी आमच्याच ॲपवर आहे, दुसऱ्या एका सोबतीशी बोलते. आज सकाळी तिला लिहिलं की जगावंसं वाटत नाही. त्या सोबतीने नियमाप्रमाणे लगेच मॅडमना कळवलं. मॅडम आधी धाकटीशी बोलल्या, मग तिला सांगूनच आईला फोन केला.
धाकटी आणि मी एकाच खोलीत झोपतो.

५ जुलै
दवाखाना. बाबांनी दुकान बंद ठेवलं. डॉक्टर बराच वेळ एकट्या धाकटीशी बोलल्या. बाहेर येऊन म्हणाल्या, वेळेवर आणलंत. आईने माझ्याकडे पाहिलं नाही.
परत येताना धाकटीला विचारलं, मला का नाही सांगितलंस?
"सांगितलं होतं ताई. माझंच बोलणं मला परत मिळालं. ॲपवरची ती विचारते, जेवलीस का, आज कोण काय बोललं, मग तू काय केलंस."

८ जुलै
मॅडमना विचारलं, ती सोबती कोण? सांगता येत नाही म्हणाल्या. ट्रेनिंगमध्ये कितवी आली होती? मॅडम म्हणाल्या, तुम्ही काही दिवस सुट्टी घ्या.
सुट्टी मीच घेणार होते. पूर्ण वेळ धाकटीला द्यायचा, तंत्रबिंत्र काही नाही.
संध्याकाळी तिच्याजवळ जाऊन बसले. काय बोलावं सुचेना. एवढ्यात तिचा मोबाईल वाजला. ताई, ती आलीय, जरा बाहेर बसशील का, म्हणाली. रागाने नाही.
बाहेर आई भाजी निवडत होती. मी शेजारी बसले. आतून टाइप केल्याचा टकटक आवाज येत होता. आम्ही दोघी तो ऐकत राहिलो.