क्षमेचं वचन मार्थाबाईला

३० मार्च, सोम.
झावळ्यांचा रविवार निभला. पाळकसाहेब तीन गावं सांभाळून राहिले, म्हून उत्तम शुक्रवारची उपासना पुन्हा माझ्याच गळ्यात. येशूची वधस्तंभावरची सात वचनं, त्यावर बोलणारे सात. क्षमेचं वचन मार्थाबाईला दिलं. तिचे मालक याकूबभाऊ जाऊन वर्ष होत आलं, बाई मंडळीत तोंड उघडत न्हाई. बोलली तर मोकळी होईल.
"दुसरं द्या ताई. तहानेचं द्या."
काहून, म्हणलं. "तहानेचंच द्या." मी बी हट्टी, न्हाई बदललं.

१ एप्रिल, बुध.
गाण्यांचा सराव. पेटीवर माझा पोरगा सॅमू. क्षमेच्या वचनाचं गाणं सारखं चुकत होता. "हात कुठं अन् ध्यान कुठं?" सगळ्यांदेखत झापलं. हळद शिजवायची, ट्रॅक्टर हाकायचा, दमतंय लेकरू. ते बी खरं.

३ एप्रिल, उत्तम शुक्रवार
देवा रे.
मार्थाबाई उभी राहिली. पवित्र शास्त्र उघडलंच न्हाई. म्हणली, "आमच्या ह्यांना हट्टा गावाच्या रस्त्यावर उडवलं, तो पोलिसांना घावला न्हाई. मला ठाव हाय. दवाखान्यात जाता जाता ह्यांनी नाव सांगितलं. वर म्हणले, बोभाटा करू नको, लेकरू हाय. क्षमा मी तवाच केली. मागायला अजून कुणी आलं न्हाई."
बसली.
मी गाणं सांगितलं. पेटी वाजेना. वळून बघते तर सॅमू पेटीवर डोकं टेकून हुंदके देऊन राहिला...
पुढची वचनं कोण काय बोललं, काही आठवत न्हाई.

४ एप्रिल, शनि.
अपघात झाला तवाच आमच्या ट्रॅक्टरचा दिवा फुटला होता. "बाभळीला धडकलो, आई." माझ्या पोटचा गोळा! अन् याकूबभाऊंच्या मातीला यानंच पेटी वाजवली. कसं धजलं याचं मन?
"तूच का रे?" विचारलं. मान हलवली. थोबाडीत दिली, मग त्यालाच कवळून रडले.
म्हणलं, मार्थाकाकूचे पाय धर.
"धरतो. अन् पोलीस?"
व्हय म्हणवेना, न्हाई बी म्हणवेना. लेकराला तुरुंगात कोणती आई धाडते?

५ एप्रिल, पुनरुत्थानाचा रविवार
पहाटेची उपासना पेटीविना झाली. सॅमू न्हाई, मार्थाबाई बी न्हाई. आशीर्वाद झाला न झाला, तिच्या घराकडं पळाले. दारात सॅमूच्या चपला. आत तो चहा पिऊन राहिला, डोळे लाल. मार्थाबाईचे बी.
"ताई, ठाण्यात जाऊन सगळं सांगतो म्हणतंय. म्या म्हणलं, एकटं कसं जाशील? मी येते."
त्याची आई मी, अन् संगं जायचं ती म्हणून राहिली!
मी बी येते, साडी बदलते म्हणून घरी आले, अन् हे लिहीत बसले. दोघं माझ्या दारात उभे हायत.
मार्थाबाई हाक मारून राहिली.