अल्मोड्याचा डबा

कर्वेनगर, रविवार, संध्याकाळ

परत येऊन आठवडा झाला, तरी विमलाचाचींचा डबा ओट्यावर तसाच. अल्मोड्यात त्यांच्याकडेच राहिले होते. निघताना त्यांनी डबाभर जर्दाळू दिले. डबा राहू द्या, पिशवीत घेते, असं म्हणायला हवं होतं. का नाही म्हटलं? मुद्दाम?

डोंगरउतारावरची निळी-पिवळी घरं, बाजारातली कोरीव लाकडी दारं, कुणालाच घाई नाही. परत जायचंय, एवढं नक्की. पण पहिल्यांदा एकटी निघाले तेव्हा आई माझ्याशी बोलतही नव्हती. पुन्हा कसं विचारू?

रिकामं भांडं परत करायचं नसतं, हे शाळेत जायच्या आधी आईनेच शिकवलेलं. म्हणून आज धीर करून म्हटलं, "आई, या डब्यात काय भरून देऊ?"

बाबांनी पेपर खाली केला नाही. "इथे रिक्षावाला शेजारच्या कोथरूडला यायला तयार नसतो, आणि ही डबा द्यायला हिमालयात निघाली."

आईने डबा उघडला, पुसला. "शंकरपाळे करते. टिकतात."

मग माझ्याकडे न बघता, "तिथला चढ मला झेपेल का गं?"