जीपला पाटे देऊन धोंडा उतरवून घेणेबाबत

प्रति,
मा. वाहन अधिकारी साहेब,
पाझर तलाव पाहणी कचेरी, हिंगोली.

विषय : जुन्या जीपचे मागचे दोन्ही पाटे नवीन मिळून मागची जागा देवापासून मोकळी करून मिळणेबाबत.
संदर्भ : अर्जदाराचा मागील अर्ज. (तो कुठे सापडला ते खाली येईल.)

महोदय,

अर्जदार जळबा भिवाजी खिल्लारे, राहणार शिरड शहापूर, हा आपल्या कचेरीचा जीपचालक असून विनंतीपूर्वक सादर करतो की,

१) सदर जीप म्हातारी आहे. गेल्या उन्हाळ्यात तिचे मागचे पाटे (चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) तुटून बूड खाली बसले. नवे पाटे मागितले असता "सध्या भागवून घ्यावे" असा शेरा आला. अर्जदाराने भागवले. वारंगा फाट्यावरच्या मिस्तरीकडून ट्रकचे टाकाऊ पाटे कापून बसवून घेतले. त्यामुळे जीपचे बूड असे वर गेले की ब्रेक दाबताच मागे बसलेले उपअभियंता साहेब थेट अर्जदाराच्या खांद्यावर येऊ लागले. रिकामी जीप तर चालतच नव्हती, नुसत्या उड्या मारत होती.

२) सबब अर्जदाराने ओढ्यातला एक गोल धोंडा उचलून मागे ठेवला. वजन पडले, जीप शहाण्यासारखी चालू लागली. इथपर्यंत सगळे बराबर होते.

३) पुढे एका नाल्यात दोन ट्रक रुतले असता आपली जीप आरामात पार झाली. होणारच! ट्रकच्या पाट्यांमुळे ती वीतभर उंच झाली होती. परंतु कचेरीचे शिपाई श्री. उकंडराव यांनी ते श्रेय धोंड्याला देऊन जागच्या जागी त्याला शेंदूर फासला. झाले! आता जीप थांबली की लोक नारळ घेऊन धावतात. कोणी लेकराचे जावळ काढायला आणतो. उपअभियंता साहेब धोंड्याशेजारी बसताना बूट काढतात आणि अर्जदाराच्या सीटखाली ठेवतात.

४) अर्जदार बौद्ध आहे. वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेऊन घरातले सगळे देव नदीत सोडले, आणि मुलगा सरकारी पेट्रोलवर देव फिरवून राहिला! लोक अंगारा मागतात. नाही म्हटले तर "पुजारी कडक हाय" म्हणून गर्दी आणखीच वाढते. वडील बोलत नाहीत. पत्नी जनकाबाई म्हणते, "दगडाची चाकरी कराया दीक्षा घेतली व्हती काय? आधी तो धोंडा उतरवा, मंग उंबऱ्यात पाय ठेवा." अर्जदार सध्या शेजाऱ्याच्या ओसरीवर जेवतो. साहेब, ही तकलीफ आता सोसवत नाही.

५) धोंडा नुसता उतरवावा तर जीप उड्या मारते आणि लोक अंगावर येतात. जीपचेच पाटे मिळाले तर वजनाची गरज उरणार नाही व सरकारी कारण दाखवून धोंडा ओढ्याला परत करता येईल. असेच मागील अर्जात लिहिले होते. तो उपअभियंता साहेबांनी "मी योग्य ठिकाणी पोचवतो" म्हणून स्वतः घेतला. अर्जदार आशेने वाट पाहत राहिला. काल जीप धुताना तो अर्ज धोंड्याखाली निघाला. वर हळदकुंकू, आणि खाली साहेबांची तारखेसह सही.

सबब हा अर्ज अर्जदार पायी येऊन आपल्याच हाती देत आहे. कृपा करून यावर माणसानेच निर्णय घ्यावा, ही विनंती.

आपला आज्ञाधारक चालक (पुजारी नव्हे),
जळबा भिवाजी खिल्लारे
ता. १४ ऑक्टोबर १९७४

सोबत : १. तुटक्या पाट्याचा तुकडा.
२. मागील अर्ज, कुंकू झटकून.