काळ्या पाण्यावरचं बोलावणं

१९ जून १९११

कोतवाल आला. सेवकराम. दारात उभा राहून म्हणाला, "टिकारामचा कागद आहे वो बाई. काळ्या पाण्यावरून."

मला वाटलं, हे गेले. आत काहीच हललं नाही. हातातलं सूप खाली ठेवलं, हात पुसले.

गेले नाहीत. अकरा वर्षं झाली, वागणूक चांगली, म्हणून साहेबानं त्यांना बराकीतून बाहेर काढलंय. जमीन दिली आहे. जंगल तोडून तिथं कैद्यांचं नवं गाव वसवून राहिले आहेत, त्यात. बेट सोडता येत नाही, जन्मठेप ती जन्मठेपच. पण घर करता येतं. बायको-लेकरांना बोलावता येतं. सरकार आपल्या जहाजातून नेतं.

"जातो म्हन, नाही तं नाही म्हन," सेवकराम म्हणाला. "नाही म्हनली तं त्याले तिथंच दुसरी करायची परवानगी भेटते. कैदी बाया हायेत तिथं."

मी म्हटलं, सांगते.

२० जून

पाऊस नाही. धानाच्या कोवळ्या पऱ्ह्यांना तलावाचं पाणी दिलं. पाठ दुखते.

२१ जून

कागदासोबत त्यांचं पत्र होतं. वर्षाला एकच येतं. तिथला कोणी मुन्शी कैदी हिंदीत लिहून देतो. आज तिसऱ्यांदा वाचलं.

लिहितात — धानाच्या पाच बांध्या झाल्या. सगळी दलदल होती, तिला बांध घातले. गावात पंजाबचे, मद्रासचे, बंगालचे, कोणाला बांधी कशी काढायची ते ठाऊक नव्हतं. साहेब म्हणाला, तू दाखव. इकडचा तांदूळ जाडा आहे, येताना लुचईचं बी आण. घराला दोन खोल्या काढल्या. एक शामकलेची. ती आता अकरा वर्षांची झाली असेल. तिला घेऊन ये.

शामकला नाही. या श्रावणात सात वर्षं होतील. हैजा. सकाळी अंगणात खेळत होती, दिवस बुडता गेली. चार वर्षांची.

मी त्यांना कळवलं नाही. वर्षाला एक पत्र — त्यात हे कसं लिहायचं? त्या वर्षी लिहिलं, बरी आहे. मग पुढच्या वर्षी त्यांनी विचारलं, किती मोठी झाली? लिहिलं, दात पडले. त्याच्या पुढच्या वर्षी — भात रांधायला शिकली. अशी सात पत्रं. बाबांनी मला लिहायला शिकवलं, शालीकराम मास्तर, गोरेगावच्या शाळेचे. लोक हसत त्यांना, पोरीला कायले शिकवता म्हणून. याच्यासाठी शिकवलं!

रडू येईल असं वाटलं होतं लिहिताना. नाही आलं.

२४ जून

आज खुशाल भाऊजींना सांगितलं. माझे धाकटे दीर. यांच्यामागे घर तेच चालवतात. येऊन ओसरीवर बसले. मग म्हणाले, "वैनी, दादा गेला तो आपल्या सगळ्यांच्या धानासाठी गेला. मी नाही कसा म्हनू? पन तुम्ही दर्या ओलांडला का पंच आपल्याले जातीत ठेवनार नाही."

त्यांची बायको नंदाबाई चुलीपाशी होती. तिनं सरळच विचारलं — "तुमी गेल्या तं माह्या पोरीचं लगीन कोठं होईल?"

तिचंही खरं आहे.

ते साल डोळ्यांपुढे आलं. दुष्काळाचं. धान वाळून चाललं होतं आणि मालगुजाराच्या माणसानं तलावाचं पाणी अडवून धरलेलं. यांनी फावडं मारलं. एकदाच. तो तिथंच आडवा झाला. पाणी सुटलं, धान वाचलं, आणि संध्याकाळी शिपाई आले. शामकला तीन महिन्यांची. मी तिला पाजत होते. यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, हाताला चिखल होता. तो मी दोन दिवस पुसला नाही.

२ जुलै

गोरेगावच्या बाजाराला गेले. उदारामला शोधायला. म्हातारा बावीस वर्षं काळ्या पाण्यावर राहून आला आहे, बाजाराच्या टोकाला दोर वळत बसतो. तिथंच शिकला, नारळाच्या काथ्याचे दोर. इथं अंबाडीचे वळतो. मी समोर बसले. विचारलं, कसं आहे तिथं?

हात थांबले नाहीत त्याचे. बोलत राहिला.

"आमी गेलो तवा झाडच झाड. सूर्य दिसे नाही. झाड तोडलं का ताप, ताप उतरला का पुन्हा झाड. जवळपास निम्मे तं तापानंच गेले. जंगलातून तिथल्या लोकाईचे बान येत, ते वेगळेच. मंग जागा मोकळी झाली. साहेबानं दोरी लावली, खुट्या ठोकल्या, म्हने हे गाव. नाव नव्हतं त्याले. मंग विहीर झाली, कोनी गाय घेतली. एका सालात पहिलं लेकरू झालं, तं साहेब पाहाले आला घोड्यावर!"

"लेकरू? कोणाला?"

"कैद्याले, कैदी बाईच्या पोटी. लाइनीत उभ्या करत बायांना. मानसानं पाहावं, बाईनं पाहावं, दोघं हो म्हनले का साहेब लिहून घेई. मीबी केली. पुरबी होती, गंगेकडची. तिनं नवऱ्याले जहर देल्लं होतं म्हनत. मले तं चांगला भात रांधून घाले."

मी विचारलं, लोक काही म्हणत नाहीत का? एकमेकांना?

"कोन कोनाले म्हनंल, बाई? सगळेच खुनी."

मग मी विचारलं, ती पुरबी कुठं आहे. तर म्हणाला, तिथंच. तिची सजा बाकी होती.

मी म्हटलं, "मंग तुम्ही काऊन वापस आले?"

आता हात थांबले. "सुटका झाली का मानूस घरीच येते ना. दुसरं काय करते?" मग खालच्या आवाजात म्हणाला, "आठ सालं झाली. पोरगा गोठ्यात भाकर आनून देते. पानी वरून ओतते."

३ जुलै

सगळेच खुनी. दिवसभर हेच डोक्यात. त्या गावात मला कोणी खुन्याची बायको म्हणणार नाही. म्हटलं तरी काय!

९ जुलै

सेवकरामला सांगितलं. जाते.

नंदाबाई दोन दिवस बोलली नाही.

२० जुलै

धानाच्या रोपांचा रोवणा अर्धा टाकून गोंदियाला जाऊन आले. जिल्ह्याच्या साहेबाचा मुक्काम होता तिथं, त्याच्याकडे नाव नोंदवायला. खुशाल भाऊजी सोबत.

कारकून हिंदीत विचारत होता. नाव? धुरपता. गाव? सौंदड. पति का नाम? मी नाव कशी घेणार! कागद मागितला, लिहून दिलं. तो बघतच राहिला — "लिखना जानती है?"

मग म्हणाला, साथ में लड़की, शामकला, उमर ग्यारह?

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. त्यांना माहीत होतं मी पत्रात काय लिहिते ते. कधी बोलले नाहीत.

मी म्हटलं, "मर गई." हिंदीतच निघालं तोंडातून. कधी, म्हणून विचारलं त्यानं. सात वर्षांपूर्वी, म्हटलं. त्यानं एक आडवी रेघ मारली नावावर. पुढचं विचारू लागला.

हाच कागद आता तिकडे जाणार. माझ्या आधी.

२१ जुलै

रोवणा. तीन बांध्या झाल्या. पायांची बोटं कुजली आहेत पाण्यानं.

१४ ऑगस्ट

श्रावण. आजचाच दिवस. नंदाबाईनं शामकलेच्या आवडीचे तांदळाचे चिले केले आणि माझ्यापुढे ठेवले. मी खाल्ले. चव लागली नाही, पण सगळे खाल्ले.

३० सप्टेंबर

तिकडून काही नाही. कागद पोचला असेल का? वाचून काय केलं असेल? बोलावणं मागे घेतलं तर? रागावले तर मला कळेल तरी. गप्प राहिले तर काय करू?

हे सगळं लिहिते, पण दुसऱ्या कोणाचं लिहिल्यासारखं.

११ नोव्हेंबर

पास आला. सरकारी शिक्का. जानेवारीच्या चौदाला गोंदियाहून कलकत्त्याची गाडी, सोबत शिपाई, आणखी तीन कुटुंबं. तिथून जहाज. म्हणजे बोलावणं मागे घेतलेलं नाही. की त्यांना अजून कळलंच नाही?

धानाची कापणी सुरू.

२ डिसेंबर

लुचईचं बी निवडून गाठोड्यात बांधलं. बांधता बांधता लक्षात आलं, मी त्या पाच बांध्या मनात पाहून राहिले आहे. कोणती उंचावर, पाणी कुठून कुठं उतरेल. आज कितीतरी वर्षांनी भूक लागली होती जेवताना.

१२ डिसेंबर

दिल्लीला बादशहाचा दरबार. इथं शाळेत पोरांना बत्तासे वाटले. नंदाबाईची पोरगी दोन घेऊन आली, एक मला दिला.

६ जानेवारी १९१२

सेवकराम पळत आला. आज दारात थांबला नाही, अंगणातच आला.

"टिकाराम सुटला! दरबाराची माफी! बाकी सजा माफ झाली! यायचं असल तं या महिन्याच्या जहाजानं घरी!"

खुशाल भाऊजी खाली बसले आणि रडू लागले. एवढा मोठा माणूस. दादा, दादा करत. गल्लीतले लोक जमले. कोणीतरी माझ्या हातावर गूळ ठेवला. सगळे माझ्याकडे पाहत होते. मी हसले असेन. तसंच करायचं असतं.

सेवकराम जाता जाता म्हणाला, "बाई, आता तुले जाची गरज नाही. मंगळवारी पास वापस घेतो. तहसिलीत द्या लागते."

७ जानेवारी

भाऊजींनी पंचांना विचारलं. पंच म्हणाले — येऊ द्या, पाहू. तोवर घरात नको.

नंदाबाई आज गोठा सारवत होती. "इथं खाट टाकू," म्हणाली. "भाकर मी आनून देत जाईन. काही कमी नाही पडू देनार, बाई."

मनापासून म्हणाली.

मी गोठ्यात उभी राहिले थोडा वेळ. तिथला माणूस दलदलीला बांध घालतो, साहेब त्याला विचारतो, तू दाखव. तो इथं या खाटेवर बसणार. वरून ओतलेलं पाणी पिणार. आणि समोर ते अंगण, जिथं ती खेळत होती. कोणीतरी बोटानं दाखवील — इथंच गेली म्हणून.

त्यांना वाटत असेल, घरी जायचंच असतं. सुटका झाली की माणूस दुसरं काय करतो!

८ जानेवारी

उद्या मंगळवार. सेवकराम पासासाठी येईल.

सकाळी नंदाबाईला म्हटलं, कुडव्याला जाऊन येते, शकुंतलाबाईकडे. माझी मावसबहीण, गोंदियाला लागूनच तिचं गाव. गाठोडं बरोबर घेतलं. नंदाबाईनं गाठोड्याकडे पाहिलं. मग आत गेली आणि तिची जाड चादर आणून वर ठेवली. "कलकत्त्याले थंडी राहते म्हनतात," एवढंच.

तिनं ओळखलं! आणि तिची पोरगी? तिचं लग्न? मी विचारलं नाही. तिनंही तो विषय काढला नाही.

छोट्या गाडीनं गोंदियाला आले.

९ जानेवारी

सकाळी शकुंतलाबाईसोबत स्टेशनावर गेले. तारबाबूचं नाव मुन्नालाल. "काले पानी को तार?" म्हणून हसला. मग माझं तोंड पाहून कागद पुढे ओढला. म्हणाला, बिनतारी यंत्रानं समुद्रावरून जाते, जाईल.

मी मराठीत सांगितलं, त्यानं इंग्रजीत लिहून घेतलं. साहेबाच्या पत्त्यावर, टिकारामला. ते नाव आज मी तोंडानं घेतलं. लिहून द्यायचं सुचलंही नाही.

येऊ नका. मी येते. शामकला नाही.

मागून वाटलं, शेवटचं नको होतं. परत गेले. तार गेली होती.

११ जानेवारी

जबाब नाही. शकुंतलाबाई म्हणते, जहाजात बसलेही असतील. तसं असलं तर मी तिथं उतरेन तेव्हा ते इथं गोठ्यात असतील.

पास चोळीत ठेवला आहे.

१३ जानेवारी

जबाब आला. मुन्नालालनं वाचून हिंदीत सांगितला — "रुक गया हूँ। आ जाओ। बच्ची का चार साल से मालूम है।"

चार वर्षं! तिकडे गेलेल्या इकडच्याच कोणा कैद्यानं सांगितलं असेल. आणि तरी दरवर्षी विचारत होते, किती मोठी झाली. आणि मी सांगत होते.