काळभोर साहेबांची सायकल

३ जानेवारी
कॉन्व्हेंट सुटलं की शबीना आणि मी कालव्यावर सायकली आडव्या टाकून पेरू खायचो. बोलणं फारसं नसायचं. तोंडात पेरू असायचा. आता ती इंदापूर सोडून लेकीकडे नागपूरला चालली. कायमची. बारा तारखेला. त्याआधी दोघींनी एकदा सायकल चालवायचीच. तिची केव्हाच मोडीत गेली, माझी आहे. बारामतीहून न्यायची, आळीपाळीने चालवायची. पोहणं आणि सायकल माणूस विसरत नाही.
मुलगा ऋषिराज म्हणाला, आई, मी कारने सोडतो, सायकल राहू दे घरी. सायकलवर त्याचा डोळा आहे.

४ जानेवारी
स्टेशनवर चौकशी. पार्सलवाला म्हणाला, सायकल गार्डाच्या डब्यात, तुम्ही पुढं बसा, दौंडला गाडी बदला, भिगवणला उतरा. म्हणजे दौंडला ती एका फलाटावर, मी दुसऱ्या. फार गोड बोलत होता. तेव्हाच ओळखलं. रेल्वे रद्द.

५ जानेवारी
एसटीच बरी. सायकल टपावर जाते. बाईमाणसाची वस्तू चोर आधी उचलतो, म्हणून हँडलला पाटी बांधली: ‘पी.एस.आय. काळभोर, इंदापूर’. असे कुणी नाहीत. सून स्वरूपा म्हणाली, आई, हे बरं दिसत नाही. तिला जग कळायचं आहे.

८ जानेवारी
दोन गाड्यांच्या टपावर कॅरिअरच नव्हतं. तिसरीचा कंडक्टर म्हणाला, मावशी, निवांत बसा, सायकल काय उडून जात न्हाय. असं कुणी उगाच म्हणतं का? भिगवणला खाली उतरले, मागे जाऊन टपावर नीट पाहिलं. सायकल होती. पाहता पाहता गाडी सुटली.
मागच्या गाडीने इंदापूर गाठलं. मासळीच्या टोपलीशेजारी बसून. स्टँडवरचा कंट्रोलर म्हणाला, साहेबांची सायकल व्हय? पोलीस स्टेशनला पोचती केली की!

९ जानेवारी
शबीनाला घेऊन पोलीस स्टेशन. सायकल पुसूनबिसून ठेवलेली. हवालदार म्हणाला, हे साहेब हितं कुणी न्हाईत, तुमचे कोण? मी म्हणाले, लांबचे. शबीना म्हणाली, लई लांबचे, अजून जन्माला यायचेत. हिला गप्प बसता येत नाही. मोठे साहेब बंदोबस्तावर. परवा या.

११ जानेवारी
तंबी मिळाली. सायकलही.
मग चालवली. म्हणजे माझा गुडघा पेडलवर वाकेना आणि शबीनाला सीटवर चढवेना. एक मूठ तिने धरली, एक मी. घरापर्यंत नेली. वाटेत एकाने विचारलं, आज्जी, पंक्चर का? दोघी एकदम हो म्हणालो.

१३ जानेवारी
ती काल गेली. मी बारामतीला परत, ऋषिराजच्या कारने.
माझ्यामागे घोळ नको म्हणून लिहून ठेवते. सायकल इंदापुरातच राहावी, शबीनाच्या सुनेकडे, रेश्माकडे. तिला टांग मारता येते. मागचं कॅरिअर काढून स्वरूपाला द्यावं, तिच्या कुंड्यांसाठी. ऋषिराजने काही मागू नये. हवेचा पंप मात्र शबीनाला पाठवावा. नागपुरात तिच्याकडे सायकल नाही. पण इकडे सायकलची हवा गेली, की तिला यावंच लागेल.